बकरीवाल्या डॉक्टरांचं कपाट

पनवेलच्या तळ्यापलीकडे एक जुनं वाचनालय आहे. खाली वर्तमानपत्रांची खोली, तिच्यामागे पुस्तकांची कपाटं, आणि लाकडी जिना चढून गेलं की वर एकच खोली. या वाचनालयात भावना नाखवा नावाची बाई नोकरीला होती. ही गोष्ट त्या वरच्या खोलीची आणि ती खोली न सोडणाऱ्या या बाईची.

भावना मूळची उरणजवळच्या करंजाची. वडील काशिराम यांचा होडीत वाटा होता, आई सोनाबाई मासळीची पाटी घेऊन उरणच्या बाजारात बसायची. घरात पहिली मॅट्रिक झाली ती भावना. पुढे ग्रंथालयाचा कोर्स केला आणि पनवेलला येऊन राहिली. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर "राहून गेलं" म्हणायची आणि विचारणाऱ्याच्या हातात त्याच्या मुदत उलटलेल्या पुस्तकाची चिठ्ठी ठेवायची. मग पुन्हा कोणी विचारत नसे.

पनवेललाच डॉ. अनंत चौबळ राहत. माणसं आणि जनावरं कशी वागतात याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ. त्यांचे लेख परदेशातल्या विद्यापीठांत शिकवले जात. तिकडचे पाहुणे पळस्पे फाट्यावर उतरून "डॉक्टर चौबळ कुठे राहतात?" म्हणून विचारत आणि रिक्षावाले एकमेकांची तोंडं बघत. कोणीतरी "अरे, बकरीवाले डॉक्टर!" म्हणालं, की तीन रिक्षा एकदम सुरू होत.

बकऱ्यांचं कारण असं. विचुंब्याला डॉक्टरांनी एक आवार भाड्याने घेतलं होतं. आवाराच्या मधोमध त्यांनी घुंगरं लावलेली दोरी बांधली. दोरीला अंग लागलं की घुंगरं वाजत, बकरी दचकून मागे फिरे. काही दिवसांनी एकही बकरी दोरीपर्यंत जाईना. मग डॉक्टरांनी दोरी सोडून टाकली. पलीकडे गुडघाभर गवत वाढलं, अलीकडे बकऱ्यांनी माती चाटून साफ केली, पण दोरी जिथे होती तिथे येऊन त्या थांबायच्या ते थांबायच्याच. त्या बकऱ्यांच्या पोटी जन्मलेली करडंसुद्धा आयांच्या शेजारी थांबू लागली. जीव कशामुळे थांबतो, या एका प्रश्नावर डॉक्टरांनी जन्म काढला. बकऱ्यांनंतर कबुतरं झाली, आणि मग माणसं: रेशनच्या रांगेतली, एसटी स्टँडवरची, देवळाच्या उंबऱ्यावरची.

म्हातारपणी त्यांना आपल्या कागदपत्रांची काळजी लागली. मुंबईच्या एका संस्थेने विचारणा केली, पण त्यांना निवडक तेवढंच हवं होतं. "निवडक म्हणजे माझ्या चुका तुम्ही फेकणार," डॉक्टर म्हणाले आणि सगळा पसारा त्यांनी गावच्या वाचनालयाला देऊन टाकला. सागवानी खोकी होती, ज्यांत कबुतराने लाल बटणावर चोच मारली की दाणा पडे. टेपची मोठाली चक्रं होती, फिल्मचे डबे, फोटो, पत्रं, आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत भरलेली, एकेक निरीक्षण टिपलेली हजारो कार्डं. ती लावून घ्यायला वाचनालयाने भावनाला पाठवलं. दोन वर्षं ती रोज संध्याकाळी त्यांच्या घरी जात होती.

पहिल्याच दिवशी डॉक्टरांची कार्डं बघून तिनेही एक लिहून दाखवलं. वाचनालयात एक गृहस्थ चिडले होते त्याबद्दलचं. डॉक्टरांनी ते परत केलं.

"नाखवा, चिडले हे तुला कसं कळलं?"

"दिसतच होतं की."

"काय दिसलं?"

"खुर्ची मागे ढकलली. पेपर टाकला. चष्मा पुसला."

"मग तेवढंच लिही. चिडले हे तुझं मत आहे. कार्डावर मत लिहायचं नाही."

तिला ते इतकं पटलं की पुढे जन्मभर ती माणसांकडे तशीच बघत राहिली. कोण काय बोललं यापेक्षा बोलताना त्याने पाय कुठे ठेवला होता हे तिच्या आधी ध्यानात येई.

डॉक्टर एकोणनव्वद साली गेले. भावनाने सगळं सामान वरच्या खोलीत नेऊन मोठ्या कपाटात लावलं. पनवेलचा पाऊस काय असतो ते सांगायला नको. जूनमध्ये भिंतीला हात लावला तर ओला होतो. कार्डांत तिने वेखंडाचे तुकडे आणि कडुनिंबाचा वाळका पाला ठेवला, वाळवी चढू नये म्हणून कपाटाचे पाय रॉकेल घातलेल्या वाट्यांत उभे केले. आश्विनात पाऊस सरला, की खोलीत दोऱ्या बांधून दमट कार्डं चिमट्यांनी टांगायची, करंजाला बोंबील वाळत घालतात तशी. खाली पेपर वाचणारे वर बघून म्हणायचे, "काय नाखवाबाई, यंदा माल बरा आलाय?"

"येतो का विकत घ्यायला?" ती वरूनच ओरडायची.

चौऱ्याण्णव सालापर्यंत असं चाललं. त्या साली वाचनालयाच्या समितीने ठरवलं की वरच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास काढायचा. नवीन पनवेलमध्ये इमारती उठत होत्या, मुंबईत नोकऱ्या करणारी मंडळी राहायला येत होती, प्रत्येकाला आपल्या मुलाला कॉम्प्युटर शिकवायचा होता. अध्यक्ष प्रभाकरराव हे निवृत्त वकील, सज्जन माणूस. क्लास चालवणार होता त्यांचा भाचा सत्यजीत. समितीचे चिटणीस कमलाकर यांनी बैठकीत ठराव वाचला: डॉक्टरांचं कपाट मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवावं.

"शेडमध्ये पाऊस आत येतो," भावना म्हणाली. तिला बैठकीत बोलायचा अधिकार नव्हता, ती चहा घेऊन आली होती.

"प्लॅस्टिक टाकू ना वर," कमलाकर म्हणाले.

"आत घाम धरतो. एका पावसात लगदा होईल."

"भावनाताई," सत्यजीत हसत म्हणाला, "जग कुठे चाललंय आणि तुम्ही बकऱ्या सांभाळताय! कोण बघायला येतं ते? पाच वर्षांत एक माणूस तरी आला?"

"नाही आला."

"मग?"

"मग येईल तेव्हा त्याला लगदा दाखवू का?"

प्रभाकररावांनी चष्मा काढून पुसला. "बाई, ठराव झालाय. दसरा होऊ दे, मग माणसं लावून हलवू. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

भावनाने त्या रात्री काही खाल्लं नाही. तिला पक्कं ठाऊक होतं, सामान शेडमध्ये गेलं की पुढच्या श्रावणापर्यंत डॉक्टरांच्या जन्माच्या कामातलं काहीही वाचता येण्याजोगं उरणार नाही.

दसऱ्याला वाचनालयात सरस्वतीपूजन असे. दरवर्षी ते खालच्या खोलीत होई आणि मांडणी भावनाच करी. त्या वर्षी तिने सगळं वर नेलं. कपाटापुढे कबुतराचं सागवानी खोकं पाट म्हणून ठेवलं, त्यावर तांब्याचा कलश, कलशावर नारळ, भोवती रांगोळी. गुरुजींनी येऊन पूजा सांगितली, सगळ्यांनी आपट्याची पानं वाटली, पेढे खाल्ले. पूजेची जागा का बदलली हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

दोन-चार दिवसांनी कमलाकरांनी हातगाडीवाल्या तुळशीरामला पाठवलं. तो दोन गडी घेऊन जिना चढला आणि दारातच थबकला. चपला काढल्या, हात जोडले.

"बाई, उत्तरपूजा नाय झाली?"

"नाय झाली."

"मग कवा करताव?"

"माझ्या मनाला येल तवा."

तुळशीराम पाच मिनिटं तसाच उभा राहिला आणि गडी घेऊन उतरून गेला. उत्तरपूजा होऊन अक्षता पडल्याशिवाय मांडलेला देव हलवायचा नाही, हे त्याला काही कोणी शिकवायला नको होतं.

मग समितीचे तिघे आले, बरोबर सत्यजीत. सत्यजीतला हसू आवरेना. "मामा, अहो हे काय! स्वतः डॉक्टर देव मानत नव्हते. त्यांच्याच खोक्यावर नारळ?"

"डॉक्टर मानत नव्हते, पण तुम्ही मानता हे त्यांनी लिहून ठेवलंय," भावना म्हणाली. "तिसऱ्या खणात आहे. देवळाचा उंबरा म्हणून डबा आहे, दाखवू?"

"मग मीच हलवतो." सत्यजीत पुढे झाला.

"थांब," प्रभाकरराव म्हणाले. त्यांचा आवाज जरा चढलाच. "आमच्या शेजारच्या चित्र्यांनी उत्तरपूजेआधी गणपती हलवला होता. तिसऱ्या दिवशी पळस्प्याला स्कूटर घसरली."

"स्कूटर पावसानं घसरली असेल!"

"असेल. पण घसरली."

भावनाला हसू आलं, ते तिने पदराआड केलं. डॉक्टरांचा अख्खा एक डबा अशाच स्कूटरींनी भरला होता. समिती उतरून गेल्यावर तिने कोरं कार्ड घेतलं आणि लिहिलं: दारात चार पुरुष. पैकी तिघे रांगोळीपासून हातभर अंतरावर थांबले. एक पुढे आला, हाक ऐकून मागे गेला.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. कोणी विचारलं की ती म्हणे, "मुहूर्त बघते आहे." विडा सुकला की नवा ठेवायची, कलशात पाणी घालायची. आणि एक दिवस नारळाला कोंब फुटला.

हे तिच्या हिशेबात नव्हतं. कोंब फुटणं शुभ, ही बातमी बाजारभर झाली. आधी पेपर वाचणाऱ्यांच्या बायका आल्या. मग फेब्रुवारीत दहावी-बारावीची मुलं हॉलतिकिटं घेऊन यायला लागली. हॉलतिकीट खोक्याला टेकवायचं, हळदकुंकू वाहायचं, पेन घासायचं. कोणी उदबत्ती लावू लागलं, कोणी समई आणून ठेवली. "जागृत आहे हो," अशी कुजबुज जिन्यावर ऐकू येई. भावनाला आधी मजा वाटली. जितकी गर्दी, तितकं कपाट सुरक्षित, असं तिने स्वतःला सांगितलं.

एका सकाळी ती वर गेली तर समई कलंडलेली होती. तेल खोक्यावरून ओघळून कपाटाच्या खालच्या खणात शिरलं होतं. तिने डबा उघडला. विचुंब्याची कार्डं. दोरी सोडली त्या आठवड्यातली. डॉक्टरांचं बारीक निळं अक्षर तेलात पसरून ढगासारखं झालं होतं, आणि त्यावर कोणाच्या तरी बोटाचं कुंकू.

ती खाली बसली. पाच पावसाळे तिने या डब्यापर्यंत पाण्याचा थेंब येऊ दिला नव्हता. वाळवी, कसर, झुरळं, सगळ्यांना दूर ठेवलं होतं. तेल मात्र तिनेच बोलावून आणलं होतं. कार्डं एकेक करून जुन्या वर्तमानपत्रांत दाबली, खडूची भुकटी टाकली. काही वाचली, ती तिने तिसऱ्या खणातल्या उंबऱ्याच्या डब्यात नेऊन ठेवली. काही गेली ती गेलीच.

मागून चपलांचा आवाज आला. दोन मुली हॉलतिकिटं घेऊन उभ्या होत्या.

"काकू, दर्शन घ्यायचं होतं."

"काय घ्यायचं होतं?"

"दर्शन."

"घरी जा. अभ्यास करा," भावना म्हणाली. "हितं देव नाय. हितं बकऱ्या हायत."

मुली एकमेकींकडे बघत जिना उतरल्या. भावना मात्र तेलकट हात तसेच मांडीवर धरून बसून राहिली. नारळ ठेवला तर आज ना उद्या एखादी समई कपाटाला आग लावेल. नारळ काढला तर समिती कपाट शेडमध्ये नेईल. डॉक्टरांनी सारा जन्म ज्या भीतीचा माग काढला, तीच भीती तिने त्यांच्या दारात राखणीला बसवली होती, आणि राखणदाराने घर खायला घेतलं होतं.

त्याच दिवशी तिने प्रभाकररावांना निरोप धाडला. "उद्या सकाळी उत्तरपूजा करते आहे. माणसं घेऊन या."

दुसऱ्या दिवशी सगळे आले. प्रभाकरराव, कमलाकर, सत्यजीत, मागे तुळशीराम आणि त्याचे गडी. भावनाने अक्षता वाहिल्या, कलश जरासा हलवला, नमस्कार केला. मग नारळ काखोटीला मारून ती सगळ्यांच्या मधून जिना उतरली आणि वाचनालयाच्या मागे, जिथे शेड होती तिच्या कडेला, तो जमिनीत पुरून आली. वर येऊन फडक्याने रांगोळी पुसली. खोकं उचलून कपाटावर ठेवलं. लादी कोरी झाली.

मग ती कपाटाला पाठ लावून उभी राहिली.

"आता हितं देव नाही," ती म्हणाली. "अक्षता नाही, नारळ नाही, कोणाची स्कूटर घसरायची नाही. नुसतं कपाट आहे आणि मी आहे. कपाट शेडमध्ये जाणार नाही."

"बाई, ठराव—" कमलाकर म्हणाले.

"ठराव तुमचा. मला नोकरीवरून काढायचं तर दुसरा ठराव करा. तरी मी हितंच असेन."

"अहो, पण कशासाठी?" प्रभाकरराव कळवळून म्हणाले. "तुमचं काय आहे त्यात?"

भावनाचे हात थरथरत होते. तिने ते मागे नेऊन कपाटाच्या कडीत अडकवले. शाळेत शिकलेली, कोर्समध्ये घोटलेली भाषा तिच्या तोंडून कुठल्या कुठे गेली आणि करंजाच्या धक्क्यावरची सोनाबाई बोलू लागली.

"माजं काय हाय? एक मानूस जनमभर बसून लिवतो, आन तुमी पत्र्याखाली टाकताव? आमच्याकरं मासलीचा फाटका जालासुद्धा कोन असा टाकीत नाय. नाय हलनार मी. पायजे तर माज्यासकट उचला."

सत्यजीतने खांदे उडवले. तो बुटांसकट खोलीत आला, कपाटाच्या एका बाजूला हात घातला आणि जोर लावला. सागवान आणि आत भरलेले कागद. कपाट तसूभरही हललं नाही. भावनाही हलली नाही.

"तुळशीराम, ये रे, धर!"

तुळशीराम दारातच होता. त्याच्या पायांत चपला नव्हत्या. गड्यांच्याही नव्हत्या. रांगोळी जिथे होती तिच्या अलीकडे हातभर अंतरावर ते तिघे उभे होते आणि कोऱ्या लादीकडे बघत होते.

"अरे आता काही नाहीये तिथे!" सत्यजीत ओरडला.

"व्हय, नाय काय," तुळशीराम म्हणाला. पण पुढे आला नाही.

"कमलाकरकाका? मामा, तुम्ही तरी या ना!"

कमलाकर मागे सरकले. प्रभाकररावांनी एक पाऊल उचललं आणि ते मध्येच थांबलं. त्यांनी खाली पाहिलं. त्यांच्याही पायांत नुसते मोजे होते. बूट त्यांनी जिन्याच्या वरच्या पायरीवर काढून ठेवले होते, गेले कित्येक महिने ठेवत होते तसेच, आणि केव्हा काढले ते त्यांना आठवत नव्हतं. ते बराच वेळ आपल्या मोज्यांकडे बघत राहिले. डॉक्टर हयात असताना विचुंब्याच्या त्या आवारात तेही एकदा गेले होते. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसू लागले. आधी कोणाला कळेना, हसताहेत की काय.

"नाखवाबाई," डोळे पुसत ते म्हणाले, "आमचंही कार्ड करणार ना तुम्ही?"

"दसऱ्यापासून करते आहे," भावना म्हणाली. अजून तिची पाठ कपाटाला होती. "उंबऱ्याच्या डब्यात आहे."

"बकऱ्यांच्या शेजारी?"

"शेजारी."

सत्यजीतला यातलं काहीच कळलं नाही. "मामा, क्लासचं काय?"

"पेपरच्या खोलीत काढ," प्रभाकरराव बूट घालत म्हणाले. "पेपरवाल्यांना व्हरांड्यात बसव. ते उठून दुसरीकडे बसतील, त्यांच्यापुढे कधी कोणी नारळ ठेवलेला नाही."

पेपर वाचणाऱ्यांनी पुढे वर्षभर भावनाला शिव्या दिल्या. तिने त्या ऐकून घेतल्या. कमलाकर मात्र तिच्याशी पुढे कधी धड बोलले नाहीत. समितीने तिची पगारवाढ अडवून धरली ती धरलीच. ठराव रद्द झाला नाही, फक्त तो परत कोणी वाचला नाही. दर आश्विनात वर कार्डं टांगली जात होती आणि खालून कॉम्प्युटरच्या पेट्यांची घरघर ऐकू येत होती.

अठ्ठ्याण्णव साली अखेर एक माणूस आला. माणूस म्हणजे मिताली नावाची मुंबईची तरुण मुलगी. जुनी कागदपत्रं कशी जतन करावीत याचं शिक्षण घेतलेली, हातांत पांढरे हातमोजे. परदेशातल्या कोणी डॉक्टरांच्या बकऱ्यांवर पुस्तक लिहायला घेतलं होतं आणि मूळ कार्डं शोधत तो धागा पनवेलपर्यंत पोचला होता. मिताली आठवडाभर राहिली. तेलाचे डाग पाहून ती चुकचुकली, वेखंड पाहून तिने मान डोलावली, टेपची चक्रं चिकटली आहेत म्हणून हळहळली. कामात ती चोख होती आणि बोलण्यात गोड.

शेवटच्या दिवशी तिने उंबऱ्याच्या डब्यातून काही कार्डं बाजूला काढली.

"भावनाताई, ही अक्षरावरून डॉक्टरांची दिसत नाहीत."

"माझी आहेत."

"हो, वाटलंच. छान आहेत. पण नियमाप्रमाणे हा संग्रह डॉक्टरांचा. तुमची कार्डं त्यात ठेवता येणार नाहीत, वेगळी काढावी लागतील." तिने वरचं एक वाचलं. "कपाटापुढे स्त्री उभी. हात थरथरतात. जागा सोडत नाही. ही कोण?"

भावनाने तिच्या हातातून कार्डं घेतली. कडा जुळवल्या, विचुंब्याच्या तेलकट कार्डांच्या मागे, जिथे होती तिथेच परत ठेवली आणि डब्याचं झाकण लावलं.

"बाई, नियम आहे," मिताली हळूच म्हणाली.

"असू दे," भावना म्हणाली. "दोरी काढल्यावर बकऱ्या थांबल्या ते त्यांनी लिहिलं. माणसं थांबली ते मी लिहिलं. एकाच डब्यात राहील."

मितालीने हातमोजे काढले. तोवर भावनाने डबा खणात सरकवून कपाटाला पाठ लावली होती आणि हात मागे नेऊन कडीत अडकवले होते. मितालीने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा कपाटाकडे, आणि आपल्या वहीतली 'कार्डं वेगळी काढणे' ही ओळ खोडून पुन्हा लिहायला घेतली.